सुप्याचा माळ : घरातल्या सर्वांनी मिळून शिकायची शाळा



शाळेची सहल म्हटली की आपल्याकडे किल्ला, घाट नाहीतर समुद्र ठरलेला. पोरं गाडीत बसून जातात आणि आजोबा, आजी, पायाने अधू असलेला पुतण्या ही मंडळी घरी राहतात. गड चढणे त्यांच्याच्याने होत नाही, हे खरेच आहे. पण आपल्याच बारामती तालुक्यात अशी एक जागा आहे की जिथे मोठी चढण नाही आणि शिकण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. ती म्हणजे सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य. तेथे काय पाहावे, कसे पाहावे आणि म्हाताऱ्या व दिव्यांग माणसांनाही तेथे सुखाने फिरता यावे म्हणून काय केले पाहिजे, ते या लेखात थोडक्यात सांगत आहोत.

जागा कोणती?

लोणी भापकरहून मोरगावला यावे आणि मोरगावहून चौफुल्याच्या रस्त्याने सुप्याकडे जावे. मोरगावच्या मयूरेश्वरावरून अभयारण्याला हे नाव पडले. शासनाने ते १९९७ साली जाहीर केले. क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे एकरात सुमारे १२७०. वाघ-बिबट्यांच्या जंगलांपुढे हा तुकडा अगदीच लहान.

आपला मुलूख सह्याद्रीच्या पाठीमागचा. घाटावर ढग रिकामे होतात आणि आपल्या वाट्याला उरलासुरला पाऊस येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले आणि कालव्याखालची जमीन बागायत झाली. पुढे तिथे ऊस उभा राहिला. सुप्याकडचा भाग जिरायत राहिला. म्हणून तिथे माळ टिकला आणि माळावरचे हरीणही टिकले.

हे हरीण म्हणजे चिंकारा. अंगाने शेळीएवढे, वजन सुमारे २३ किलो, रंग तांबूस आणि पोट पांढरे. काळी आखूड शेपटी सारखी हलत असते, त्यावरून लांबूनही ओळखू येते. पाला आणि दहिवर यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर ते बरेच दिवस काढते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात ठेवले आहे. त्याच्या जोडीला माळावर लांडगा, खोकड, तरस आणि ससा आहेत. धाविक, माळटिटवी, चंडोल हे पक्षी आहेत. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या येतो आणि गवतावरून खालून-खालून उडत नाकतोडे टिपतो.

माळ म्हणजे पडीक नव्हे

सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिला की आपल्याला वाटते, ही जमीन कामाची नाही. देशातल्या पडीक जमिनींचे सरकारी नकाशे निघाले, त्यांतही कितीतरी गवताळ माळ पडीकच धरले गेले. मग कुठे झाडे लावून टाकली, कुठे मुरूम उपसला. पण जिथे पाऊसच थोडा, तिथे गवत हेच मूळचे जंगल. गवताची मुळे माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी मुरवतात आणि मेंढरांना चारा देतात. झाडांची गर्दी केली तर चिंकारा आणि धाविक तिथून निघून जातात, कारण त्यांना लांबवर दिसणारे मोकळे रान लागते.

आणि बरं का, ऊस हेसुद्धा गवतच आहे! ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही सगळी एकाच तृणकुलातली. १९१२ साली कोईमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले. तेथे बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी गोड, जाड उसाचा कास नावाच्या जंगली गवताशी संकर केला. नदीकाठी पांढरे तुरे येणारे हेच ते गवत. त्यातून को २०५ ही जात निघाली आणि १९१८ साली ती लागवडीला दिली गेली. आज लागवडीत असलेल्या बहुतेक सर्व जातींत त्या रानगवताचे रक्त आहे. काटकपणा आणि फुटवे यांची देणगी त्याचीच. रानगवत राखणे हे ऊस उत्पादकाचेही काम आहे, ते यासाठी.

शिकवणार कोण?

मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते बोटाने दाखवून ओळखवणारी माणसे आपल्या घरात आहेत. कोणते गवत गुरे आवडीने खातात, कोणते कधी कापायचे, टिटवी अंडी कुठे घालते, खोकडाचे बीळ कसे असते, हे ज्यांनी लहानपणी गुरे वळली त्यांना ठाऊक. ही माणसे आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. कुणाचे गुडघे गेले, कुणाची नजर गेली. मुलांची सहल निघते तेव्हा नेमके हेच गुरुजी घरी राहतात. त्यांच्यामागे गवतांची नावेही जातील, आणि ती कुठल्याही पुस्तकातून तशी परत मिळायची नाहीत. म्हणून त्यांना माळावर नेता आले पाहिजे.

एक सोपा प्रयोग सांगतो. पावसाळा सरल्यावर कुसळीचे वाळलेले एक कुसळ तळहातावर घ्यावे आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. कुसळाचा पीळ सुटू लागतो आणि ते आपोआप फिरते. ओले-वाळले होत होत ते असेच फिरत राहते आणि बी जमिनीत रुतवते. धोतराला चिकटणारे कुसळ हे असे पेरणीचे औत आहे! हा प्रयोग खुर्चीत बसून करता येतो. ज्याला दिसत नाही त्यालाही ते हाताला कळते.

वाट कशी असावी?

चाकाच्या खुर्चीला आणि काठी टेकणाऱ्या माणसाला वाट घट्ट लागते. वाळू, सुटी खडी आणि फुफाटा चालत नाही. चांगला मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवलेली चार फूट रुंदीची वाट पुरे. उतरणीचे माप साधे आहे : एक फूट चढायचे तर उतरण निदान बारा फूट लांब हवी. शंभर-दीडशे पावलांवर टेकायला कट्टा आणि सावली हवी. अंध व्यक्तीसाठी कडेने कमरेएवढ्या उंचीवर दोरी बांधून जिथे थांबून काही हाताळायचे तिथे गाठ मारली, तर ती दोरीच्या आधाराने एकटी चालू शकते. याला सिमेंटही लागत नाही आणि मोठा खर्चही नाही.

नेमकी वाट असण्याचा फायदा पाखरांनाही आहे. धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर खड्यांतच अंडी घालतात. माणसे सैरावैरा फिरली तर ती पायाखाली जातात. सगळे एका वाटेने चालले तर अंडी वाचतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येण्याजोग्या असाव्यात असे सांगितले आहे. तेव्हा ही मागणी म्हणजे मेहेरबानी नव्हे. मुंबईत मिठी नदीकाठच्या जुन्या कचराभूमीवर झाडे वाढवून महाराष्ट्र निसर्ग उद्यान केले आणि १९९४ साली ते लोकांना खुले झाले. तिथे शहरातली मुले निसर्ग शिकतात. त्यांनी कचऱ्यावर उभे केले. आपल्याला तर माळ आयता मिळाला आहे.

जाताना लक्षात ठेवा

बॉयलर पेटायच्या आधीचे दिवस सोयीचे. एकदा गळीत हंगाम सुरू झाला की कुणाला सवड नाही. ऊन चढायच्या आत, सकाळी लवकर पोहोचावे. प्रवेशद्वाराशी वन विभागाची परवानगी घ्यावी आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी गाडी आत कुठवर नेता येईल ते तिथेच विचारावे. गाडीत शांत बसलेल्या माणसांना हरीण कमी बुजते. गडद कपडे, पाण्याची बाटली आणि दुर्बीण असेल तर उत्तम. कुत्री नेऊ नयेत, प्लॅस्टिक टाकू नये, विडी-काडी पेटवू नये. वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते.

वाटेत लोणी भापकरला मल्लिकार्जुन मंदिराची पुष्करणी पाहावी. पायऱ्या उतरता येत नसतील तर काठावरूनही ती नीट दिसते. थोड्या पावसाच्या मुलखात आपल्या पूर्वजांनी पाण्याचा किती मान ठेवला, हा धडा मुलांना तिथेच मिळतो. शेजारचे यज्ञवराहाचे शिल्पही दाखवावे.

आपण काय करावे?

अभयारण्यात वाट करणे वन विभागाच्या हाती आहे, पण मागणी करणे आपल्या हाती आहे. ग्रामसभेत ठराव करावा, शाळेच्या मुख्याध्यापकांची त्याला जोड घ्यावी आणि तो वन विभागाकडे पाठवावा. तोवर गावच्या गायरानात पंचायतीच्या संमतीने शे-दोनशे पावलांची मुरमाची वाट श्रमदानाने करता येईल. ज्यांच्या विहिरी माळालगत आहेत त्यांनी कठडा बांधावा. उघड्या विहिरीत रात्री हरीण पडते आणि माणूसही पडतो.

आणि या वर्षी सहल ठरेल तेव्हा गाडीतल्या दोन जागा आजोबा-आजींसाठी राखून ठेवाव्यात, ही सर्व सभासदांना आग्रहाची विनंती.