लाल थेंब, हिरवा प्रकाश

कोकमाचं सरबत उंच काचेच्या ग्लासात घ्या. आधी बाजूने बघा, मग वरून तळाकडे. सरबत तेच, पण वरून कितीतरी गडद दिसतं, कारण प्रकाश जाड थरातून येतो. थर तेवढाच ठेवून आगळ वाढवलं तरी रंग गडदच होणार. पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिमोग्लोबिनचा आकडा निघतो तो याच दोन गोष्टींवर.

थराच्या जाडीचा नियम बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ मध्ये मांडला, लॅम्बर्टने १७६० मध्ये तो गणितात बसवला. द्रावणाच्या संहतीचा भाग १८५२ मध्ये जर्मनीच्या ऑगस्ट बीअरने जोडला. नियम असा: एका सेंटिमीटरने निम्मा प्रकाश गिळला, तर पुढचा सेंटिमीटर उरलेल्यातला निम्मा गिळतो. म्हणजे पाव उरतो, मग अष्टमांश. या उतरत्या आकड्यांचा लॉगॅरिदम घेतला की हिशोब सरळ होतो; त्यातून मिळणारा आकडा म्हणजे शोषणांक. दहा टक्के प्रकाश पार झाला तर शोषणांक १, एकच टक्का झाला तर २. संहती दुप्पट, तर शोषणांकही दुप्पट.

आपल्याकडे वर्षानुवर्षं हिमोग्लोबिन साहलीच्या पद्धतीने मोजलं गेलं. रक्तात आम्ल घालायचं, तपकिरी रंग आला की थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या काचपट्टीशी रंग जुळवायचा. जुळवणार डोळाच. खिडकीतला उजेड बदलला, नजर थकली की आकडा हलायचा. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. अशा ठिकाणी एका ग्रॅमची चूकही मला लहान वाटत नाही. त्या एका ग्रॅमवर एखादी बाई उपचाराच्या यादीतून सुटते.

द्रावणाने किती प्रकाश गिळला ते मोजणाऱ्या कलरीमीटरने हे काम नजरेकडून काढून घेतलं. २० मायक्रोलिटर रक्त ५ मिलिलिटर ड्रॅबकिन द्रावणात मिसळतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनची रूपं अनेक आणि प्रत्येकाची छटा वेगळी. हे द्रावण जवळपास सगळ्यांना एकाच टिकाऊ रंगात आणतं. मग हिरवा फिल्टर, ५४० नॅनोमीटरचा. लाल दिसणारं द्रावण हिरवा प्रकाशच जास्त गिळतं, म्हणून लालसर द्रावणाला हिरवा प्रकाश. आधी नुसत्या ड्रॅबकिनवर शून्य लावायचं. त्याला ब्लँक म्हणतात. मग स्टँडर्ड, म्हणजे दर डेसिलिटरला १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असल्याचं आधीच माहीत असलेलं द्रावण ठेवलं, शोषणांक आला ०.४०. रुग्णाच्या रक्ताचा आला ०.२८. त्रैराशिक मांडा: १०.५ ग्रॅम. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी १२ च्या खाली रक्तक्षय धरतात.

यंत्र मात्र प्रकाश कशाने अडला ते ओळखत नाही. द्रावण ठेवायच्या पारदर्शक नळीवर, म्हणजे क्युव्हेटवर, बोटाचा ठसा असेल, आत बुडबुडा असेल, रक्तात चरबी जास्त असल्याने द्रावण गढूळ असेल, तर तेही हिमोग्लोबिनच्या खात्यात जमा होतं. काही छोट्या डिजिटल यंत्रांत यावर सुंदर तोड आहे: ५७० नॅनोमीटरला रंग मोजायचा आणि ८८० नॅनोमीटरला, जिथे रंगाचा संबंध जवळजवळ नसतो, तिथे गढूळपणा मोजून वजा करायचा.

पण बोटातून रक्त काढतानाची चूक कुठलंच यंत्र वजा करू शकत नाही. बोट पिळून पिळून थेंब काढला की ऊतींमधलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं आणि आकडा फसतो. पुढच्या वेळी तपासणीला जाल तेव्हा हात कोमट ठेवा, पहिला थेंब पुसायला सांगा आणि बोट पिळू देऊ नका.