शेरा : समाधानकारक

वाशीम जिल्ह्यात मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावर आजीजवळ राहणारं पोर डोळ्यांसमोर आणा. बाप गेलेला, आई मजुरीला बाहेरगावी. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा जिल्हे आले, त्यांत वाशीम होता. तेव्हा अशी पोरं इथे शोधावी लागत नाहीत.

बालसंगोपन योजनेतून अशा मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात. आधी 1,100 होते, त्याच्याही आधी 425. गृहचौकशी होते, रेशनकार्ड, बोनाफाईड, पासबुक बघितलं जातं, बाल कल्याण समिती आदेश काढते. पैसे सुरू झाले, की पोर शाळेत जातंय की सोयाबीन सोंगायला, हे बघायला कोण येतं?

2015 च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम 44 सांगतं, की मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला दिलं, तर त्या घराची पाहणी समितीने दर महिन्याला करावी. समिती म्हणजे अध्यक्ष धरून पाच माणसं. महिन्यातले किमान वीस दिवस त्यांनी बैठकीला बसायचं, हेही कायद्यातच आहे. मग कारंजा ते रिसोड हिंडायचं कधी? आणि मूल आईच्याच घरी असेल, तर दरमहा पाहणीचा हा नियम लागूच होत नाही. म्हणजे योजनेचा पैसा पोचतो तिथे नजर पोचेलच असं नाही.

बालगृहांसारख्या संस्थांचं गणित वेगळं. कलम 54 प्रमाणे तीन महिन्यांतून एकदा तरी तपासणी, पथकात किमान तिघं, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. पण तपासायचं काय? भेट नोंदवहीत 'व्यवस्था समाधानकारक' असा शेरा मारायला चहा संपेपर्यंतचा वेळ पुरतो. मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातही अधिकारी जात-येत होते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने बिहारमधल्या निवारागृहांचं सामाजिक अंकेक्षण केलं, तेव्हा कुठे 2018 मध्ये तिथल्या मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने 19 जणांना दोषी ठरवलं. तपासणी नव्हती असं नाही. मुलींना कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या मते सगळ्या तपासणीचा जीव एका साध्या वस्तूत आहे : सूचना पेटी. ती मुलांच्या हाताला येईल अशा जागी हवी, दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर उघडायला हवी. अधीक्षकांच्या खुर्चीमागे टांगलेल्या पेटीत कोण चिठ्ठी टाकेल?

दिवाळीत फराळाचे डबे घेऊन बालगृहात जाणारे पुष्कळ असतात. यंदा तुम्ही गेलात, तर मोबाइल खिशातच राहू द्या. या मुलांची ओळख उघड होईल असा फोटो फिरवणं कलम 74 खाली गुन्हा आहे. पेटी कुठे टांगली आहे, तेवढं मात्र बघून या. आणि काही खटकलं, तर 1098 लावा.