कात्री धरणाऱ्या हातासाठी

वाशीम असो, रिसोड की कारंजा, लग्नसराईत सलूनमधली कात्री दिवसभर थांबत नाही. दुखणं बहुधा अंगठ्याच्या मुळाशी सुरू होतं. तिथल्या दोन कंडरांचं आवरण सुजतं. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी १८९५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातली मीडियन नस दबत असण्याची शक्यता मोठी. हे मुळीच अंगावर काढू नका. उशीर झाला तर अंगठ्याखालचा मांसल भाग झिजतो आणि गेलेली ताकद परत येईलच असं नाही. मधुमेह किंवा थायरॉईड असेल तर धोका वाढतो. रक्त तपासून घ्या.

बोथट कात्रीला जोर जास्त लागतो, तेव्हा धार वेळेवर लावा. खुर्ची खाली घ्या, कोपर खांद्याइतकं उचलावं लागू नये. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा.

चांगली कात्री घ्यायला मदतही मिळू शकते: १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत केशकर्तन आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते.