पडद्याआडची अक्षरे

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एका घरी आम्ही गेलो, तेव्हा घरातील सारी मंडळी टीव्हीपुढे बसली होती आणि आजोबा मात्र ओटीवर एकटेच होते. आम्ही विचारपूस केली. "फादर, आत नुसती तोंडे हलताना दिसतात. त्यापेक्षा पाऊस पाहिलेला बरा," असे ते म्हणाले. त्यांच्या कानात यंत्र होते. परंतु त्यातून संवाद आणि पार्श्वसंगीत दोन्ही एकदमच मोठी होऊन येत, आणि शब्द काही हाती लागत नसे. डोळे मात्र शाबूत. मुंबईच्या कचेरीत नोकरी झालेली असल्याने मराठीबरोबर इंग्रजीही ते सहज वाचतात.

आत एक इंग्रजी चित्रपट चालू होता. असे संवाद पडद्याच्या तळाशी अक्षरांत उमटविता येतात हे आम्हांस ठाऊक होते, म्हणून मोठ्या विश्वासाने आम्ही टीव्हीचा रिमोट हाती घेतला. कॅप्शनचे बटण दाबले. काही नाही. सेटिंगमध्ये शिरून कॅप्शन 'चालू' केले, तरी काही नाही. अर्ध्या तासाने संचच सदोष असल्याचा निर्णय आम्ही देऊन टाकला! तेव्हा दहावीतली नात भीतभीत म्हणाली, "फादर, चित्रपट टीव्ही चालवत नाही, ती खालची लहान पेटी चालवते. अक्षरे तिच्याकडेच मागावी लागतील." तिने पेटीचा रिमोट घेतला, चित्रपट थांबविला, कोपऱ्यातील संवादाच्या फुग्यासारखे चिन्ह निवडून 'इंग्रजी सीसी' वर बोट दाबले. अक्षरे आली.

वाचकहो, बहुतेक घरांतील घोटाळा येथेच असतो. इंटरनेटची पेटी, डीव्हीडी यंत्र किंवा सेट-टॉप बॉक्स यांतून एचडीएमआय तारेने टीव्हीकडे येते ते तयार चित्र व आवाज. अक्षरे त्या चित्रावर आधीच, म्हणजे पेटीतच, लिहिली गेली पाहिजेत. टीव्हीचे स्वतःचे बटण टीव्ही स्वतः जे चालवितो त्यापुरतेच उपयोगी.

पूर्वी रीत निराळी होती. अमेरिकेत १६ मार्च १९८० पासून अशी 'बंद' अक्षरे नियमित प्रसारित होऊ लागली. बंद एवढ्याचसाठी की, मागितल्यावाचून ती दिसत नाहीत. चित्राच्या एकविसाव्या ओळीत, जी पडद्यावर दिसत नसे, ती दडविलेली असत, आणि उलगडण्यासाठी निराळी पेटी विकत घ्यावी लागे. १९९० साली तेथे कायदा झाला व जुलै १९९३ पासून १३ इंच आणि त्याहून मोठ्या संचांत ती सोय आतच बसवणे भाग पडले. ती ओळ एचडीएमआयमधून येत नाही. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आणि सप्टेंबर २०१९ च्या सरकारी मानकांनी बहिऱ्यांसाठी अशा सोयीचा मार्ग आखला आहे. तथापि वाहिनीने अक्षरे पाठविलीच नसतील, तर कोणत्याही बटणाने ती येत नाहीत. मराठी बातम्या लावून पाहिल्या तेव्हा आजोबांची तशीच निराशा झाली.

पण खरी ओढ निराळीच होती. कुवेतमधील मुलाने नव्या नातवाच्या बाप्तिस्म्याची चित्रफीत पाठविली होती. साऱ्या घराने ती ऐकली. आजोबांनी फक्त पाहिली.

नातीने ती अक्षरांत उतरविण्याचे मनावर घेतले. काम सोपे, पण चिकाटीचे. साध्या मजकुराच्या फाइलीत अनुक्रमांक, त्याखाली वाक्य कधी सुरू होते व कधी संपते त्या वेळा, त्याखाली वाक्य, मग एक कोरी ओळ, असे अखेरपर्यंत. फाइलीस चित्रफितीचेच नाव द्यावयाचे, शेवटी मात्र 'एसआरटी', आणि दोन्ही पेन ड्राइव्हच्या एकाच फोल्डरात ठेवावयाच्या. ठेवल्या, लावल्या, आणि पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हे! जुन्या संगणकाने मजकूर 'अँसी' पद्धतीत जतन केला होता, जिच्यात देवनागरीस जागा नाही. 'यूटीएफ-८' निवडून पुन्हा जतन केल्यावर मराठी उमटली. (प्रश्नचिन्हांऐवजी चौकोन दिसले, तर टीव्हीपाशी देवनागरी वळणच नाही असे समजावे, मग चित्रफीत संगणकावरच पाहावी.)

आजोबांची खुर्ची त्या दिवशी आत आली. मुलगा काय म्हणाला, सून काय म्हणाली, सारे त्यांनी चष्मा पुसून पुसून वाचले. संवादांखेरीज इतर आवाजही लिहावेत, ही चांगल्या कॅप्शनची रीत. त्याप्रमाणे नातीने एके ठिकाणी कंसात 'बाळ रडते' असे लिहिले होते. "ते मला दिसतेच आहे की गं," आजोबा म्हणाले, आणि चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून लावावयास सांगितली.