जुनी जीप मिसिंग मारते? शाफ्ट हलवून पाहा



ट्रेलरमध्ये कांदा भरला, पहाटेच बाजाराला निघालात, आणि चढ लागताच जुनी पेट्रोल जीप आचके देऊ लागली. प्लग साफ केले, नवे पॉइंट घातले. चार दिवस बरी चालली, पुन्हा तेच रडगाणे! असे वारंवार होत असेल तर नवे पॉइंट आणण्याआधी डिस्ट्रीब्यूटर झिजला आहे का ते पाहा.

डिस्ट्रीब्यूटरचा शाफ्ट इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा फिरतो. चार सिलिंडरच्या जीपमध्ये त्यावर चार उंचवटे असतात. प्रत्येक उंचवटा पॉइंट उघडतो आणि त्याच क्षणी प्लगला ठिणगी मिळते. शाफ्टला आधार देणारे बुश झिजले की शाफ्ट डुलतो. मग एका उंचवट्यावर फट जास्त, दुसऱ्यावर कमी. ठिणगी कधी लवकर, कधी उशिरा. बैलगाडीचा आस झिजला तर नुसती धाव बदलून चाक डुलायचे थांबेल का? इथेही तसेच आहे.

तपासणी अशी करा :

१) स्विच बंद करा, बॅटरीची एक तार सोडा. क्लिपा काढून टोपी बाजूला घ्या. प्लगच्या तारा टोपीतून काढू नका.

२) टोपी आतून पाहा. तडा, ओल किंवा काळी रेघ असेल तर दोष तिथेही असू शकतो. ओल कोरड्या फडक्याने पुसा. तडा किंवा काळी रेघ असेल तर टोपी बदला.

३) रोटर काढून शाफ्टचे टोक बोटांत धरा व आडवे हलवा. गोल फिरवल्यावर ते थोडे सरकून स्प्रिंगने परत आले, तर ते योग्यच. पण बाजूला खडखड हलले, तर बुश गेले समजा.

४) हँडलने इंजिन हळू फिरवून चारही उंचवट्यांवर फीलर गेजने फट मोजा. जुन्या विलीज बनावटीच्या जीपमध्ये ती साधारण ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर असते. तरी आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच खरा माना. शाफ्ट बाजूला दाबून पुन्हा मोजा. दाबल्याने फट बदलत असेल तर नुसते पॉइंट बदलणे म्हणजे पैसे पाण्यात.

शाफ्ट हलत नाही, पण पॉइंट मात्र लवकर जळतात, असे असेल तर आधी कंडेन्सर बदलून पाहा.

बुश बदलायला डिस्ट्रीब्यूटर काढावा लागतो. काढण्यापूर्वी रोटरचे तोंड कुठे आहे आणि बॉडी कशी बसली आहे, याच्या खुणा करा. काढल्यावर इंजिन फिरवू नका. बसवल्यावर मिस्त्रीकडून टायमिंग तपासून घ्या. ठिणगी फार लवकर पडली तर हँडल उलटे फिरते आणि मनगट मोडू शकते.

शेवटी एक सवय लावून घ्या. डिस्ट्रीब्यूटरला बाहेरून तेलाची वाटी असेल तर अधूनमधून इंजिन ऑइलचे दोन-चार थेंब त्यात सोडा. पॉइंटवर मात्र तेल पडू देऊ नका. शाफ्ट कोरडा फिरला नाही, तर बुश पुष्कळ दिवस टिकतात आणि माल वेळेवर बाजारात पोचतो.