भाडे थकले तर आधी नोटीस

आपले सायखेडा गोदावरीच्या काठचे गाव. २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात नदीला मोठा पूर आला. सायखेडा आणि पलीकडचे चांदोरी, दोन्ही गावांत पाणी शिरले. त्या पुरात एका गाळ्यात पाणी भरले. तिथे एक गृहस्थ पाण्याच्या मोटारी दुरुस्त करीत. हत्यारे गंजली, गिऱ्हाइकांच्या मोटारी बिघडल्या. भाडे थकले.

गाळा एका विधवा बाईंचा. महिना २,००० रुपये भाडे, आणि त्यावरच बाईंचे औषधपाणी चालायचे. चार महिने वाट पाहून त्या आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “गुरुजी, उद्या कुलूपच लावते. त्याचं सामान ठेवते ओट्यावर.”

आम्ही म्हटले, “बाई, घर तुमचे हे खरे. पण कुलूप लावायचा हक्क तुम्हाला नाही.”

पुष्कळांना हे माहीत नसते. भाडेकरूला बाहेर काढण्याचा हुकूम फक्त कोर्ट देते. मालकाने जबरदस्तीने बाहेर काढले, तर भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दिवाणी कोर्टात दावा लावून ताबा परत मागू शकतो. म्हणजे पैसे राहिले बाजूला, आणि मालकच आरोपीसारखा उभा!

मग मालकाने करावे काय? आधी नोटीस द्यावी.

नोटीस म्हणजे काय?

नोटीस म्हणजे लेखी सूचना. ती शिवी नव्हे, धमकी नव्हे, आणि कोर्टाचा हुकूमही नव्हे. ‘इतके पैसे बाकी आहेत, इतक्या दिवसांत द्या, नाही तर कोर्टात जाऊ,’ एवढेच ती सांगते.

मुदत किती द्यायची? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा आहे. नाशिकसारखी शहरे आणि कायद्याच्या यादीतील इतर गावे यांना तो लागू आहे. त्यात असे आहे की, थकलेल्या भाड्याची लेखी मागणी भाडेकरूला पोहोचल्यावर ९० दिवस जाईपर्यंत त्या कारणासाठी मालकाला घर खाली करून मागण्याचा दावा लावता येत नाही. त्याआधीच्या १९४७ च्या मुंबईच्या कायद्यात ही मुदत एक महिन्याची होती. म्हणजे भाडेकरूला आता जास्त सवड मिळते.

जे गाव यादीत नाही, तिथे १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा चालतो. घर किंवा दुकान महिन्याच्या भाड्याने असेल आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर त्या कायद्याने १५ दिवसांची नोटीस लागते. आपल्याला कोणता कायदा लागतो, ते वकिलाला विचारून मगच कागद लिहावा. शेतजमिनीची गोष्ट निराळी. तिथे १९४८ चा कूळकायदा पाहावा लागतो.

बाईंना निफाडच्या वकिलांनी सल्ला दिला, “पूर्ण ९० दिवस द्या. उद्या कोणी हरकत घ्यायला नको.”

कागद कसा लिहावा?

बाईंचा कागद आम्हीच लिहिला. तो असा होता:

“माझा गाळा तुमच्याकडे दरमहा २,००० रुपये भाड्याने आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर २०१९ या ४ महिन्यांचे ८,००० रुपये तुमच्याकडे येणे आहेत. हा कागद पोहोचल्यापासून ९० दिवसांत ती रक्कम भरून पावती घ्यावी. न भरल्यास मुदत संपताच तुमची भाडेवहिवाट संपली असे समजावे. मग ताब्यासाठी कोर्टात दावा लावावा लागेल.”

खाली तारीख आणि बाईंची सही. नोटीस लेखी हवी आणि तिच्यावर सही हवी. ती टपालाने पाठवता येते, भाडेकरूच्या हातात देता येते, किंवा त्याच्या घरी घरच्या माणसाकडे देता येते. काहीच जमले नाही तर त्या जागेवर ठळक दिसेल अशी चिकटवावी. नक्कल मात्र आपल्याजवळ ठेवावी. त्या वेळी आम्ही ती रजिस्टर टपालाने पाठवली. २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात मिळवून टाकले. म्हणून आता स्पीड पोस्टाने पाठवावी. पावती आणि पोहोचल्याचा पुरावा जपावा.

पाकीट परत आले

१० डिसेंबरला पोस्टमन गाळ्यावर गेला. भाडेकरूने पाकीट घेतलेच नाही. ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन ते परत आले. त्याला कोणी तरी सांगितले होते, “कागद घेतला नाही, की कोर्ट लागत नाही.”

ही समजूत अगदी चुकीची आहे. योग्य पत्त्यावर आलेले पाकीट जाणूनबुजून नाकारले, तर ते पोहोचले असेच कोर्ट सहसा धरते. मुदतीचे दिवस सुरू होतात, आणि आत काय लिहिले आहे ते मात्र आपल्याला कळत नाही. नुकसान आपलेच.

आठवड्याने तो आमच्याकडे आला. नुकताच रात्रीच्या वर्गात वाचायला शिकला होता. आम्ही नक्कल पुढे ठेवली आणि म्हटले, “तूच वाच.” एकेका अक्षरावर बोट ठेवून त्याने वाचले. ‘९० दिवसांत’ या शब्दांशी थांबला.

“म्हणजे मला बाहेर काढलं नाही?”

“नाही. तुला मुदत दिली आहे.”

त्याने कॅलेंडरवर दिवस मोजले. ९ मार्च २०२० पर्यंत मुदत होती. मग पुन्हा कागद पाहिला आणि म्हणाला, “गुरुजी, ऑगस्टचं भाडं मी पूर यायच्या आधीच दिलंय. मावशींच्या दिराकडे दिलं.”

पावती? पावती नव्हती. बाईंनी दिरांना विचारले. त्यांना आठवले, पैसे घेतले होते, सांगायचे राहिले. बाकी निघाली ६,००० रुपये. इथे आम्हीही चुकलो. एका बाजूचे ऐकून आकडा लिहिला, वही मागितली नाही. त्याने नक्कल वाचलीच नसती, तर २,००० रुपयांवरून दोघे कोर्टात भांडले असते. फेब्रुवारीपर्यंत त्याने तीन हप्त्यांत पैसे फेडले. गाळा त्याच्याकडेच राहिला.

लक्षात ठेवा

भाडेकरू असाल तर नोटीस घ्या, वाचा, तारीख लिहून ठेवा. आकडा चुकला असेल तर लेखी उत्तर द्या. भाडे दिले की पावती घ्या. मालक पैसे घेत नसेल तर बँकेतून पाठवा, म्हणजे पुरावा राहतो. दावा लागलाच, तरी घाबरून बसू नका. १९९९ च्या कायद्यात आणखी एक संधी आहे. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत सगळी बाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरावी, पुढचे भाडे नियमित द्यावे आणि कोर्ट सांगेल तो खर्च भरावा. मग थकबाकीच्या कारणावरून जागा सोडावी लागत नाही.

मालक असाल तर वही ठेवा आणि पावती द्या. भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडू नका. कायदा त्याला मनाई करतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर निफाडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना १९८७ च्या कायद्याने वकील फुकट मिळतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. नोटीस हा त्या पायरीच्या अलीकडचा कागद आहे. तो नीट लिहिला आणि नीट वाचला, तर पुष्कळदा पायरी चढावीच लागत नाही.