मनाच्या दुखण्यावर फोनवरचा सल्ला



ऊस लागणीवर लिहिणारे आम्ही आज मनाच्या दुखण्यावर का लिहितो, असे आपणांस वाटेल. आपल्याकडील कितीतरी मुले-मुली नोकरीसाठी किंवा लग्न होऊन उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे राहतात. आम्ही बांधावर आलो की उसाआधी त्यांचाच विषय निघतो. "पोरगं फोनवर नीट बोलत नाही, काय झालंय कळंना."

एक डोळ्याचे रोप ट्रेमधून काढून सरीत लावले की सुरुवातीला मान टाकते. त्यात रोपाचा दोष नसतो. वेळेवर पाणी मिळाले की ते मूळ धरते. माणसाचेही तसेच आहे. एका खोलीतला संसार, लोकलची गर्दी, रात्रपाळी, सुटलेली नोकरी, पहिले बाळंतपण, घरातला मृत्यू, अशा बदलांत मन मान टाकते. उल्हासनगर तर उखडलेल्या माणसांनीच वसवले. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत राहिले. १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पण तिथे सगळेच एका दुःखातले होते. आज बदलापूरच्या बिल्डिंगीत दार लावले की शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसते.

अशा वेळी बोलायला कोणी हवे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली मानस' ही सेवा सुरू केली. नंबर १४४१६. ती दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचे तिला मार्गदर्शन आहे.

फोनवर असते तरी काय? पलीकडचा प्रशिक्षित समुपदेशक आधी ऐकून घेतो. झोप लागते का, जेवण जाते का, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे विचारतो. मग गुंत्यातला एकेक धागा सुटा करून, उद्या काय करायचे आणि घरात कोणाला सांगायचे, हे ठरवायला मदत करतो. गरज असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे पाठवतो.

एका सभासदाची सून बाळंतपणानंतर अंबरनाथला दिवसभर रडत असे. घरचे म्हणत, "सगळं तर आहे, रडायला काय झालं?" शेवटी नवऱ्याने फोन लावून दिला. बाळंतपणानंतर असे होऊ शकते आणि त्यावर उपचार आहे, हे कळल्यावरच तिला निम्मा धीर आला. पुढे डॉक्टरांचे औषध झाले. आता ती बरी आहे.

फोनचा फायदा असा, की खाडा पडत नाही आणि दवाखान्याच्या दारात कोणी पाहील ही धास्ती नसते. व्हिडिओवरूनही डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. २०२० पासून त्यासाठी सरकारी नियम आहेत. मात्र डॉक्टर नोंदणीकृत आहे ना, हे पाहावे. 'हमखास गुण' सांगणाऱ्याला पैसे पाठवू नयेत.

प्रत्येक दुखणे फोनवर भागत नाही. कोणी जीव देण्याची भाषा केली तर ती धमकी समजू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातले कीटकनाशक व तणनाशक कुलपात ठेवावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे किंवा ११२ ला फोन करावा. पोलिसांच्या भीतीने उशीर करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानले आहे. त्याच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

खोडकिडीने पोंगा वाळेपर्यंत आपण थांबत नाही. मुलाच्या बाबतीतही थांबू नये. पुढच्या फोनवर "पगार झाला का?" याआधी "झोप लागते का रे?" एवढे विचारावे. आणि ऊस नोंदीच्या पावतीमागे १४४१६ हा नंबर लिहून ठेवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी